वाढ आणि वाढप

महोदय,

गेल्या काही आठवड्यांत आपल्या दैनिकाच्या संपादकीय पानावर आणि वाचकांच्या पत्रव्यवहारात विकसनशील देशांतील आर्थिक वाढ, दारिद्र्य आणि विषमता यांविषयी जी चर्चा चालली आहे, ती मी नियमाने वाचत आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की अर्थव्यवस्था वेगाने वाढू लागली की दारिद्र्य आपोआप ओसरते, तेव्हा वाटपाच्या गोष्टी काढून वाढीला खीळ घालू नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की वाढ मूठभरांचीच होते आणि गरिबाच्या पदरात काही पडत नाही. दोन्हीकडचे लेखक आकडे देतात आणि त्यांतले बहुतेक आकडे खरे असतात. तरीही वाद पुढे सरकत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे. नोकरीची बरीच वर्षे घरगुती खर्चाच्या पाहण्यांसाठी दारोदार फिरून तक्ते भरण्यात गेली, आणि त्या तक्त्यांतून पुढे कोणकोणते निष्कर्ष काढले जातात ते वाचण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तेवढ्या अधिकारावर हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, याची कल्पना आहे.

आधी एक साधे गणित. एका देशात दोनच माणसे आहेत असे समजा. एक महिन्याला १०० कमावतो, दुसरा १०,०००. चलन कोणतेही धरा. दारिद्र्यरेषा १५० वर आहे. अर्थव्यवस्था दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढली तर उत्पन्न साधारण दहा वर्षांत दुप्पट होते, आणि ही वाढ दोघांना सारख्याच प्रमाणात मिळाली असे मानू. पहिल्याचे उत्पन्न २०० होईल, दुसऱ्याचे २०,०००. आता या देशाविषयी तीन लेख लिहिता येतील. पहिला म्हणेल की दारिद्र्य ५० टक्क्यांवरून शून्यावर आले. दुसरा म्हणेल की विषमता तसूभरही बदलली नाही, कारण गिनी गुणांक (सर्वांचे उत्पन्न समान असेल तर शून्य आणि सारे उत्पन्न एकाच्याच हाती असेल तर एक, असे हे विषमतेचे माप) उत्पन्नांच्या प्रमाणावर चालतो, आणि ते प्रमाण आधीही एकास शंभर होते, आताही तेवढेच आहे. तिसरा म्हणेल की दोघांतील अंतर ९,९०० वरून १९,८०० झाले, म्हणजे दरी दुपटीने रुंदावली. तिन्ही लेख खरे आहेत. सरकार पहिला आकडा जाहीर करते, संख्याशास्त्रज्ञ दुसरा मोजतो, आणि ज्याच्या १०० चे २०० झाले त्या माणसाला रोज उठून तिसरा दिसतो.

आपल्या भाषेचाही या गोंधळात थोडा हात आहे. जीडीपीच्या वाढीच्या दराला मराठी वर्तमानपत्रे सर्रास ‘विकासदर’ म्हणतात. वाढ झाली म्हणजे विकास झालाच, हा जो मुद्दा आधी सिद्ध करायला हवा, तो या एका शब्दाने न बोलता पदरात पाडून घेतला जातो. खरे तर मराठीत ‘वाढणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत, मोठे होणे आणि पानात घालणे. दुसऱ्या अर्थासाठी ‘वाढप’ हा वेगळा शब्दही आहे. चर्चेतला पहिला पक्ष म्हणतो ते थोडक्यात असे की आधी वाढ होऊ द्या, वाढप मागाहून पाहू. माझे म्हणणे असे की हा क्रमच चुकीचा आहे. वाढप वाढीबरोबरच होत असते, आणि कोणाच्या पानात काय पडणार हे बरेचसे वाढ सुरू होण्याच्या वेळीच ठरलेले असते.

पण त्याआधी दुसऱ्या पक्षाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाढीवाचून दारिद्र्य मोठ्या प्रमाणावर हटल्याचे उदाहरण मिळणे फार कठीण आहे. दिवसाला १.९० डॉलर (क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशादेशांतल्या किमतींतला फरक धरून, जुळवून घेतलेले) ही जागतिक बँकेची तेव्हाची रेषा धरली, तर १९९० मध्ये जगातील ३६ टक्के लोक अतिदारिद्र्यात होते आणि २०१५ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आले होते. त्या काळात लोकसंख्या वाढत असूनही गरिबांची संख्या सुमारे १९० कोटींवरून साधारण ७४ कोटींवर आली. ही रेषा फार खाली आखलेली आहे, हा आक्षेप रास्त आहे, आणि बँकेनेच ती आधी २.१५ वर व २०२५ मध्ये ३ डॉलरवर नेली. तरी तीच एक रेषा दोन्ही वर्षांना लावल्यावर दिसणारी घट खोटी ठरत नाही. डेव्हिड डॉलर आणि आर्ट क्राय या अर्थशास्त्रज्ञांनी ९२ देशांची चार दशकांची आकडेवारी तपासून २००२ मध्ये दाखवले की तळच्या पाचव्या हिश्श्यातील लोकांचे उत्पन्न देशाच्या सरासरी उत्पन्नाच्या बरोबरीने वाढते. उलट बाजूने पाहिले तरी तेच दिसते. १९९८ मध्ये इंडोनेशियाची अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे १३ टक्क्यांनी आक्रसली, तेव्हा जे लोक वर्षानुवर्षे कष्ट करून रेषेच्या वर आले होते त्यांतले लक्षावधी पुन्हा खाली गेले. २०२० च्या महासाथीत तर जगभरातील अतिदरिद्री लोकांत एका वर्षात सुमारे ७ कोटींची भर पडली. वाढ थांबली की पहिला फटका कोणाला बसतो, हे यावरून कळते.

अडचण आहे ती ‘सरासरी’ या शब्दात. ९२ देशांची सरासरी सांगते की गरिबांचे उत्पन्न इतरांच्या बरोबरीने वाढले. पण त्या सरासरीत ज्या देशांत ते कितीतरी जास्त वाढले तेही आहेत आणि ज्या देशांत जवळपास जागच्या जागी राहिले तेही आहेत. धोरण आखणाऱ्याला आणि वाचकालाही उपयोग आहे तो या फरकाचा. तो फरक कशाने पडतो?

चीनचे उदाहरण सगळेच देतात. चाळीस वर्षांत तेथील जवळपास ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, हे जागतिक बँकेनेच नोंदवले आहे, आणि याचे श्रेय बहुधा किनारपट्टीवरच्या निर्यातीच्या कारखान्यांना दिले जाते. पण तारखा लावून पाहिल्या तर चित्र वेगळे दिसते. १९८० ते २००१ या काळात झालेल्या घटीपैकी जवळपास निम्मी घट १९८० च्या दशकातील पहिल्या काही वर्षांतच झाली होती, आणि तेव्हा निर्यातीचे ते मोठे कारखाने उभे राहायचे होते. घडले होते ते असे की सामूहिक शेतीचे कम्यून मोडून जमीन घरटी माणसे मोजून जवळजवळ समान वाटली गेली, सरकारी खरेदीचा कोटा भरल्यावर उरलेले पीक विकण्याची मुभा मिळाली, आणि सरकारने धान्याचे खरेदीदरही वाढवले. देशातले बहुतेक गरीब शेतीत होते, प्रत्येकाकडे थोडीबहुत जमीन होती, त्यामुळे शेतीचे उत्पन्न वाढताच ते थेट त्यांच्या हातात आले. पुढे वाढ किनाऱ्याकडे आणि शहरांकडे सरकली. खेड्यातून आलेल्या कामगाराला शहराची नोंदणी, म्हणजे हुकोउ, मिळत नसल्यामुळे त्याच्या मुलांना शाळा व कुटुंबाला दवाखाना यांसाठी झगडावे लागले. अधिकृत आकडेवारीनुसार २००८ मध्ये चीनचा गिनी गुणांक ०.४९१ पर्यंत पोहोचला होता. वाढीचा दर दोन्ही काळांत चढाच होता. बदलले होते ते वाढीचे उगमस्थान.

तैवान आणि दक्षिण कोरिया यांच्याबाबत हे आणखी स्पष्ट दिसते. तैवानमध्ये १९४९ साली कुळाने द्यायचा खंड मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर बांधून दिला गेला; त्याआधी अनेक ठिकाणी निम्मे पीक किंवा त्याहून जास्त जमीनमालकाकडे जात असे. १९५३ मध्ये ‘कसेल त्याची जमीन’ हा कायदा आला. कोरियात १९५० च्या सुमारास एका कुटुंबाकडे साधारण तीन हेक्टरहून जास्त शेतजमीन राहू नये अशी मर्यादा घातली गेली आणि वरची जमीन कुळांकडे गेली. या दोन्ही देशांची जगाने वाखाणलेली औद्योगिक झेप याच्या नंतरची आहे. ती झेप सुरू झाली तेव्हा शेतकऱ्याच्या घरात थोडी शिल्लक होती आणि मुलगा, मुलगीही, शाळेत जात होती. म्हणून कारखाने निघाले तेव्हा त्यांत शिरण्याजोगी माणसे बहुतेक घरांतून निघाली. वाढप वाढीच्या आधी झाले होते.

याच्या उलट ब्राझील. १९६८ ते १९७३ या काळात तेथील अर्थव्यवस्था वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली आणि त्याला ‘ब्राझीलचा चमत्कार’ म्हटले गेले. लष्करी राजवट होती, कामगार संघटनांचे हातपाय बांधलेले होते, आणि केक आधी फुगू द्या, मग कापू, अशा अर्थाचे बोल तेव्हाच्या सत्तावर्तुळात प्रचलित होते. १९६० आणि १९७० च्या जनगणना शेजारी ठेवल्या तेव्हा उत्पन्नाची विषमता वाढल्याचे दिसले आणि त्यावरून देशात मोठा वाद झाला. जमीन थोड्यांच्या हाती, शाळेत गेलेले थोडे. उद्योगांना लागणारे शिकलेले कामगार तेवढेच, म्हणून त्यांचे पगार वाढत गेले आणि उरलेल्यांची रोजंदारी मागे राहिली. यात कुणा दुष्टाचा कट शोधण्याचे कारण नाही. सुरुवातीला ज्याच्याकडे जे होते, त्याप्रमाणे वाढ विभागली गेली.

पाकिस्तानची गोष्ट तर नाटकात शोभावी अशी आहे. अयुब खान यांच्या राजवटीला दहा वर्षे झाली म्हणून १९६८ मध्ये ‘विकासाचे दशक’ धूमधडाक्यात साजरे झाले. वाढीचे आकडे खरोखरच दिमाखदार होते. त्याच वर्षी नियोजन आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी एका भाषणात सांगितले की देशातील उद्योगांच्या मालमत्तेपैकी दोन-तृतीयांश हिस्सा आणि बँका व विमा व्यवसायाचा त्याहूनही मोठा हिस्सा बावीस कुटुंबांच्या हाती आहे. ‘बावीस कुटुंबे’ हा शब्दप्रयोग मोर्च्यांत पोहोचला. मार्च १९६९ मध्ये अयुब खान पायउतार झाले, आणि पूर्वेकडच्या प्रांताचा असंतोष, ज्यात आपल्या वाट्याला काही येत नाही ही भावना मोठी होती, १९७१ मध्ये देशच दोन करून गेला. जे हक या वाढीच्या योजना आखणाऱ्यांत होते, त्यांनीच १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी विकास अहवाल सुरू केला, तो दरडोई उत्पन्नाच्या एकट्या आकड्यावर विसंबू नये म्हणून.

या चर्चेत अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांचे नाव दोन-तीनदा आले. त्यांच्या १९५५ च्या लेखाचा आधार घेऊन असे सांगितले जाते की देश गरिबीतून वर येताना विषमता आधी वाढतेच, पुढे आपोआप कमी होते, तेव्हा धीर धरावा. पण तो लेख प्रामुख्याने अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी यांच्या तुटपुंज्या आकडेवारीवर बेतलेला होता, आणि त्यात सुमारे ५ टक्के माहिती व ९५ टक्के अटकळ आहे, अशी कबुली खुद्द कुझ्नेट्स यांनीच त्यात दिली होती. एवढ्या प्रामाणिक माणसाच्या अटकळीला पुढच्यांनी निसर्गनियम करून टाकले, याचा दोष त्याच्याकडे जात नाही. भारतातही वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवून दिले होते की आधीच्या दशकात दरडोई उपभोगखर्चातली वाढ मुळातच नगण्य होती आणि तीही समान वाटली गेली नव्हती, म्हणून नुसत्या वाढीची वाट पाहत बसणे पुरणार नाही.

खनिजांतून होणाऱ्या वाढीचा स्वभाव आणखी निराळा. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत मोडत होता. पुढच्याच वर्षी तेथे हिऱ्यांची मोठी खाण सापडली आणि त्यानंतर काही दशके त्याच्या वाढीचा वेग जगात अव्वल राहिला. सरकारने तो पैसा उधळला नाही. रस्ते, शाळा, दवाखाने झाले, दारिद्र्यही घटले. तरीही २०१५ मध्ये तेथील गिनी गुणांक ०.५३ होता, म्हणजे जगातल्या सर्वाधिक विषम देशांच्या रांगेत. चांगला कारभार असूनही असे होते, कारण हिऱ्याची खाण पैसा पुष्कळ देते, पण कामाला माणसे थोडीच लावते. तो पैसा आधी सरकारच्या तिजोरीत येतो आणि तेथून लोकांपर्यंत पोहोचवावा लागतो. शेतीतल्या किंवा शिवणकामातल्या वाढीसारखा तो मजुरीच्या रूपाने थेट हातात पडत नाही.

आता मजुरीच्या रूपाने हातात पडणे म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. बांगलादेशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे आणि या कारखान्यांत सुमारे ४० लाख कामगार आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. खेड्यातून आलेली मुलगी आधी मदतनीस म्हणून लागते, धागे कापते, कपड्यांचे गठ्ठे मशीनपाशी नेऊन देते, आणि हात बसला की मशीनवर बसते. तिची किमान मजुरी २०१३ च्या अखेरीस महिना ५,३०० टका ठरली, २०१८ मध्ये ८,००० आणि २०२३ मध्ये १२,५००. शेवटच्या वेळी कामगार संघटनांची मागणी २३,००० च्या आसपास होती. दर पाच वर्षांनी होणाऱ्या या फेरआखणीच्या मधल्या काळात महागाई जे खाऊन जाते, ते भरून निघायला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. आणि ५,३०० चा आकडा ठरला त्याच वर्षी, २४ एप्रिल रोजी, राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसूनही दुसऱ्या दिवशी कामगारांना आत बोलावले गेले होते. इतके सारे सांगूनही हे नाकारता येत नाही की या कामाने लाखो घरांत पहिल्यांदा दरमहा रोख उत्पन्न आले आणि मुलींची लग्ने लांबली. देशाच्या अधिकृत पाहणीनुसार दारिद्र्याचे प्रमाण २००० मध्ये ४८.९ टक्के होते, ते २०२२ मध्ये १८.७ टक्क्यांवर आले. त्याच पाहणीनुसार उत्पन्नाचा गिनी गुणांक त्याच काळात ०.४५१ वरून ०.४९९ वर गेला. चर्चेतल्या दोन्ही पक्षांनी हे दोन आकडे एका कागदावर लिहून समोर ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.

विषमता वाढली तरी दारिद्र्य घटले ना, मग बिघडले कुठे, असा प्रश्न यावर विचारला जाईल. बिघडते ते पुढच्या फेरीत. एकाच दराने वाढणाऱ्या दोन देशांपैकी ज्यात विषमता जास्त, त्यात त्या वाढीने दारिद्र्य कमी हटते, कारण प्रत्येक शंभरातला तळापर्यंत पोहोचणारा भागच लहान असतो. शिवाय गहाण टाकायला काही नसलेल्या माणसाला बँक कर्ज देत नाही. तो सावकाराकडे जातो किंवा धंद्याचा विचार सोडून देतो, आणि त्याच्या हातून जी वाढ झाली असती ती होतच नाही. जगात काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के, म्हणजे सुमारे २०० कोटी माणसे असंघटित कामात आहेत, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये सांगितले, आणि त्यांतले बहुतेक विकसनशील देशांत आहेत. त्यांना आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. अशा घरातले मूल शाळेतून काढले जाते ते बहुधा एखाद्या आजारपणानंतर, आणि त्याची किंमत पुढची चाळीस वर्षे मोजावी लागते.

येथे माझ्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या सगळ्या आकड्यांची मुळे तेथे आहेत. पाहणीत बहुधा उत्पन्न विचारत नाहीत, खर्च विचारतात. गेल्या ३० दिवसांत काय घेतले, किती घेतले, घरचे किती, विकतचे किती. गरीब घरातली बाई उंबऱ्यात बसून एकेक जिन्नस आठवून सांगते, कारण तिला तो खरोखर पाठ असतो. मोठ्या घराच्या फाटकावर मात्र ‘साहेब बाहेरगावी आहेत’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते तक्त्यात छापून घ्यावे, असे आम्ही आपसांत म्हणत असू. तीन खेपा झाल्या की नियमाप्रमाणे त्या घराऐवजी दुसरे घर घ्यावे लागे, आणि ते दुसरे घर जवळजवळ नेहमी कमी श्रीमंत निघे. दार उघडलेच, तरी साहेब सांगत तो घरखर्च; त्या महिन्यात घेतलेला भूखंड किंवा शेअर त्यात येत नाहीत, कारण ती बचत. म्हणून खर्चावरून मोजलेली विषमता उत्पन्नावरून मोजलेल्या विषमतेपेक्षा बहुधा सौम्य दिसते. बांगलादेशाच्या त्याच २०२२ च्या पाहणीत उत्पन्नाचा गिनी गुणांक ०.४९९ आहे, तर खर्चाचा ०.३३४. भारताचा २०२२-२३ चा खर्चावरचा आकडा, जागतिक बँकेच्या हिशेबाने, अवघा ०.२५५ आहे, आणि करांच्या नोंदी व राष्ट्रीय हिशेब जोडून केलेल्या अभ्यासात त्याच वर्षी वरच्या एक टक्का लोकांकडे देशातील उत्पन्नाचा २२.६ टक्के हिस्सा जात असल्याचे दिसते. पहिला आकडा घेऊन ‘आपण जगातल्या सर्वांत समान देशांपैकी आहोत’ असे म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या देशांचे आकडे उत्पन्नाचे आहेत की खर्चाचे, एवढे तरी पाहायला हवे होते.

एक घर अजून डोळ्यांसमोर आहे. आधीच्या खेपेपेक्षा त्या घराचा महिन्याचा खर्च जवळपास दुप्पट भरला, आणि तक्त्याच्या हिशेबाने ते कुटुंब दारिद्र्यरेषेच्या चांगलेच वर गेले. खर्च वाढला होता तो नवऱ्याच्या शस्त्रक्रियेचा, आणि पैसा आला होता दरमहा शेकडा पाच व्याजाने. रकाने भरून मी उठलो. ते घर आमच्या कागदावर सुधारलेले होते.

मग काय करता येते, याचे उत्तरही ब्राझीलकडेच आहे, हा योग विलक्षण म्हणावा लागेल. १९९४ मध्ये तेथे नवे चलन आणून बेफाम महागाईला लगाम घातला गेला. महागाईची सर्वांत मोठी झळ रोख मजुरीवर जगणाऱ्यांना बसत असल्याने त्याचा पहिला लाभही त्यांनाच झाला. शाळांचा प्रसार आधीपासून वाढत होता, त्याने शिकलेल्या आणि न शिकलेल्या कामगारांच्या पगारांतली तफावत हळूहळू आक्रसली. किमान वेतन महागाईपेक्षा जास्त वेगाने वाढवले गेले. २००३ पासून ‘बोल्सा फामिलिया’ या योजनेखाली गरीब कुटुंबांना, शक्यतो घरातल्या बाईच्या नावाने, मासिक रक्कम मिळू लागली. अट एवढीच की मुले शाळेत जावीत आणि लसी टोचून घ्याव्यात. देशाच्या जवळपास एक-चतुर्थांश लोकसंख्येपर्यंत पोहोचलेल्या या योजनेचा खर्च जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. १९९० च्या सुमारास ०.६० च्या घरात असलेला गिनी गुणांक २०१४ पर्यंत ०.५२ च्या आसपास आला. हा आकडाही फार आहे, आणि पुढच्या मंदीत घसरण थांबली, हेही खरे. पण विषमता वाढीसोबतच कमी होऊ शकते, तिच्यासाठी पन्नास वर्षे थांबावे लागत नाही, एवढे तरी यातून सिद्ध झाले. एक कमतरता मात्र तेथेही राहिली आणि बहुतेक विकसनशील देशांत आहे: करांचा मोठा भार वस्तूंवरच्या करांवर, जे गरीब आणि श्रीमंत दोघे सारख्याच दराने भरतात. युरोपातील अनेक देशांत कर कापून आणि सरकारी मदत जोडून झाल्यावर गिनी गुणांक ठळकपणे खाली येतो. लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत तो फारसा हलत नाही.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणे. नायजेरियाने ६ एप्रिल २०१४ रोजी जीडीपी मोजण्याचे पायाभूत वर्ष १९९० वरून २०१० वर आणले, मोबाइल सेवा आणि चित्रपटव्यवसाय यांसारखी नवी क्षेत्रे हिशेबात घेतली, आणि अर्थव्यवस्था कागदावर एका दिवसात ८९ टक्क्यांनी मोठी होऊन आफ्रिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. त्याच देशात राहणीमानाची मोठी पाहणी २००९-१० नंतर थेट २०१८-१९ मध्ये झाली, आणि तिच्यात ४०.१ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली निघाले. भारतातही २०११-१२ नंतरची घरगुती खर्चाची प्रसिद्ध झालेली पाहणी एकदम २०२२-२३ ची आहे; मधल्या २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष अधिकृतपणे प्रसिद्ध झालेच नाहीत. जीडीपीचा आकडा दर तीन महिन्यांनी येतो आणि आपण तो पहिल्या पानावर चौकटीत छापता. त्या चौकटीत, कोणत्याही देशाचा आकडा असो, आणखी दोन ओळी छापाव्यात: त्या देशात रोजंदारीवरच्या मजुराची खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा जाता, गेल्या वर्षभरात किती वाढली, आणि तेथील दारिद्र्याची शेवटची पाहणी कोणत्या वर्षी झाली.

आपला,
एक निवृत्त पाहणी कर्मचारी